किलोमीटरमागे दोन रुपये

रेवस-रेडी सागरी मार्ग हे नाव ऐकून ज्याच्या डोळ्यांसमोर उजव्या हाताला समुद्र आणि पुढे सरळ, सपाट रस्ता असे चित्र उभे राहते, त्याने हा रस्ता एकतर नकाशात पाहिलेला असतो किंवा मोटारीच्या काचेतून. सायकलस्वाराला समुद्र दिसतो तो बहुधा उतारावर, आणि त्या वेळी त्याची बोटे ब्रेकवर आणि नजर खड्ड्यांवर असते. कोकणची किनारपट्टी खाड्यांनी इतकी चिरलेली आहे की रस्ता सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावरून, थेट पाण्यापर्यंत खाली येतो, पुलावरून किंवा फेरीबोटीने पलीकडे जातो आणि लगेच तितकाच वर चढू लागतो. या मार्गावर नाव घेण्याजोगा एकही घाट नाही. परंतु या लहान लहान घाट्यांची दिवसाखेरची बेरीज केली तर बोरघाट परवडला असे म्हणण्याची पाळी येते.

पावसाळा सरला, रस्त्याकडेचे शेवाळ वाळले, तेव्हा आम्ही काही मित्रमंडळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो आणि दक्षिणेकडे निघालो. आमच्यात एक दंतवैद्य होता, एक शिक्षिका होती, संगणकासमोर बसून पाठ धरलेले दोघे होते आणि साठी ओलांडलेले निवृत्त अभियंते आप्पा होते. रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी पैसे उभे करायचे, हे निमित्त होते. वाडीतली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, हायस्कूल दुसऱ्या गावात असते, एसटी शाळेच्या वेळेला येईलच याची खात्री नसते, आणि मग पाच-सहा किलोमीटरांच्या त्या अंतरापायी मुलीची शाळा सुटते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, पण तो निवडक तालुक्यांपुरताच आहे आणि ही शाळा त्यात बसत नव्हती. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांतली होती. सायकलींसाठी सायकल चालवायची, हे त्यामुळे आम्हाला फारच चपखल वाटले होते.

देणगी मागण्याची पद्धत मात्र आमच्या शिक्षिका मैत्रिणीने सुचवली. एकरकमी पैसे न मागता किलोमीटरमागे दर ठरवून घ्यायचा. कोणी एक रुपया कबूल केला, कोणी दोन. पार्ल्याच्या एका मावशींनी पाच रुपये लावले आणि वर "पण पूर्ण केलंत तरच हं" असे बजावले. त्या एका वाक्याने प्रवासाची जातच बदलून टाकली. एरवीच्या सहलीत गुडघा कुरकुरला तर रत्नागिरीला सायकल एसटीच्या टपावर चढवून घरी परतता येते. मित्र दोन दिवस चिडवतात आणि विसरून जातात. इथे प्रत्येक चढावर आपण परक्यांचे पैसे वाहून नेतो आहोत, अशी एक चमत्कारिक जाणीव पायांत उतरत असे. हेदवीच्या अलीकडे दंतवैद्याच्या पोटरीत गोळे आले, तेव्हा तो रस्त्याकडेच्या दगडावर पाय लांब करून बसला आणि आता थांबलो तर किती रुपयांचा फटका बसेल याचा तोंडी हिशेब करू लागला. हिशेब पूर्ण होईपर्यंत गोळे उतरले.

आडिवरे ओलांडल्यावर एका चढाशी आम्हाला निळ्या गणवेशातली एक मुलगी भेटली. तिची सायकल बिनगियरची, लेडीज. चेनकव्हर तारेने आवळून बांधलेले, हँडलला एका बाजूला पाण्याची बाटली आणि दुसऱ्या बाजूला ओढणीची गाठ मारलेली. मागच्या कॅरिअरवर दोन दप्तरे होती आणि दुसऱ्या दप्तराचा मालक, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कॅरिअरला हात लावून मागून ढकलत होता. चढ इतका उभा होता की आम्हीही खाली उतरून सायकली ढकलत होतो. आमच्या सायकलींकडे, विशेषतः मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या उतरंडीकडे, तिने बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, "गियरच्या सायकलीवरून उतरायला लागत नाही ना?" आमच्यातल्या एकालाही उत्तर सुचले नाही. चढ संपल्यावर तिने भावाला मागे घेतले आणि उतारावरून अशी काही निघून गेली की ब्रेक दाबत खाली आलेल्या आम्हाला ती पुन्हा दिसलीच नाही.

लांबच्या प्रवासाचा शेवटचा दिवस हा खरे तर सर्वांत सोपा असायला हवा. वेंगुर्ल्याहून रेडी फार लांब नाही. मोचेमाडचा चढ-उतार सोडला तर पायांना त्रास होईल असेही काही नाही. तरी त्या सकाळी सगळ्यांचीच चाल मंदावली. न ठरवता आम्ही आप्पांना पुढे घातले होते आणि त्यांच्या गतीने, म्हणजे माडांवरचे नारळ मोजत जाण्याच्या गतीने, बाकीचे मागून चाललो होतो. एरवी चढ दिसला की पुढे सटकणारा संगणकवाला त्या दिवशी सतत चेनला तेल घालायला थांबत होता, आणि त्या चेनला तेलाची अजिबात गरज नाही हे सगळ्यांना दिसत असूनही कोणी तसे बोलत नव्हते.

आरवलीला आम्ही वेतोबाच्या देवळात थांबलो. हा देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. तिथे ठेवलेले ते चामड्याचे प्रचंड जोड पाहताना आपल्या पायांचे कौतुक आपोआप थांबते. नवसाला केळ्यांचे घडही येतात. ज्यांनी रेवसपासून दर तासाला केळे खाल्ले होते आणि ज्यांच्या टायरांची नक्षी आरवलीपर्यंत निम्मी पुसली गेली होती, त्यांना हा देव सायकलस्वारांसाठीच बसवला असावा असे वाटले तर नवल नाही. आप्पांनी मागचा टायर वाहण्याचा प्रस्ताव मांडला, परंतु रेडी अजून पुढे आहे या कारणास्तव तो फेटाळण्यात आला. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, ती मिठागरे आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. पाय एकदा थंड पडले की पुन्हा तापायला वेळ घेतात, आणि आणखी एक थांबा घेतला असता तर आम्ही त्या दिवशी पोचलोच नसतो.

रेडीला कसलीच कमान नाही. मार्ग संपल्याची खूण म्हणावी असेही काही आम्हाला आढळले नाही. गाव आहे, लोहखनिजाच्या खाणींची लाल धूळ आहे, द्विभुज गणपतीचे देऊळ आहे, यशवंतगड आहे, आणि रस्ता आपल्या वाटेने पुढे गोव्याकडे निघून जातो. बरेच जण म्हणूनच तेरेखोलपर्यंत जातात. किल्ला, खाडी आणि पलीकडे केरीचा किनारा असा देखावा छायाचित्राला मिळतो. आम्ही रेडी म्हणून सांगितले होते, म्हणून रेडीला थांबलो आणि चहाच्या एका टपरीसमोर सायकली भिंतीला टेकवल्या.

टपरीच्या मालकांनी आमच्याकडे पाहून विचारले, "खंयसून इलात?" मुंबईहून सायकलने आल्याचे सांगितले, कशासाठी तेही सांगितले. मुलींच्या सायकलींची गोष्ट त्यांना मनापासून पटली. मग चहा ओतता ओतता त्यांनी शांतपणे विचारले, "मगे पैशे तुमका मुंबयतच गावले ना? हयसरपर्यंत सायकल हाणूची काय गरज होती?"

प्रश्न बिनतोड होता. मी तिथे गुळमुळीत काहीतरी बोललो. पण नंतर विचार करता मला असे वाटते की घाम गाळणाऱ्याला लोक पैसे देतात ही समजूत तितकीशी खरी नाही. आपल्याकडे मध्यमवर्गात पैसे मागणे हे मागणाऱ्याला जितके अवघड, तितकेच देणाऱ्यालाही. पावतीपुस्तक दारात दिसले की घरातले मोठे माणूस न्हाणीघरात जाते. सायकलीमुळे पैशांचा विषय बाजूला सरतो आणि रस्त्याचा विषय निघतो. पार्ल्याच्या मावशींना दाभोळ ठाऊक होते, धोपावे ठाऊक नव्हते. त्या दर संध्याकाळी फोन करून आज कुठवर, म्हणून विचारत आणि नकाशात बोट ठेवून पाहत. दाभोळच्या फेरीबोटीमुळे चिपळूणवरून जाण्याचा केवढा वळसा वाचतो, हे त्यांनी एव्हाना निम्म्या नातेवाइकांना सांगितले होते. देणगी एका क्षणात देऊन विसरण्याऐवजी त्या तिच्याबरोबर रोज थोडा प्रवास करत होत्या. बाबा आमट्यांनी १९८५ साली कन्याकुमारीहून तरुणांना सायकलींवर घेऊन 'भारत जोडो' यात्रा काढली ती निधीसाठी नव्हे. परंतु गावोगावच्या लोकांना कामाशी जोडून घ्यायला सायकल किती सोयीची, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

पूर्ण करण्याचा हट्ट तरी कशासाठी, हा प्रश्न मग उरतोच. कर्करोगाने एक पाय गेलेला टेरी फॉक्स हा कॅनडियन तरुण कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला तो १९८० च्या एप्रिलमध्ये. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावत त्याने ५,३७३ किलोमीटर कापले आणि आजार फुप्फुसांत पसरल्यामुळे थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. निम्म्याहून बरेच अधिक अंतर झाले होते. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळावा अशी त्याची इच्छा होती आणि १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले. जगातली सर्वांत गाजलेली अशी यात्रा अपुरी राहिलेली आहे आणि तिच्या देणगीदारांपैकी कोणी राहिलेल्या किलोमीटरांचे पैसे कापून घेतल्याचे ऐकिवात नाही.

आमचे मात्र कापले गेले. परतल्यावर वसुलीला सुरुवात झाली, तेव्हा शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले काका कागद-पेन्सिल घेऊनच बसले होते. जाहीर केलेले किलोमीटर ५४०, दर दोन रुपये, हे त्यांना मान्य होते. "पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड," त्यांनी बोटे मोडली, "या चार ठिकाणी सायकल तुम्ही चालवलीत की फेरीबोटीने?" आम्ही फेरीबोटीने म्हणालो. नकाशावर पट्टी लावून काढलेले नऊ किलोमीटर त्यांनी वजा केले. शिक्षिका मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. तेवढ्यात काकांनी चष्मा वर केला आणि एका पुलाचे काम चालू असल्यामुळे राजापूर तालुक्यात पडलेला सतरा किलोमीटरांचा वळसा आम्ही हिशेबात का धरला नाही, असे जाब विचारल्यासारखे विचारले. तो आमच्या लक्षातच नव्हता. तो त्यांनी मिळवला, १,०९६ रुपयांचा धनादेश लिहिला आणि प्राप्तिकराच्या सवलतीसाठी लागणारी ८०-जी ची पावती याच आकड्याची हवी, वर-खाली चालणार नाही, असे सांगून तो आमच्या हातात ठेवला.