दोन कॉलच्या मधलं कादिझ

कादिझमध्ये घड्याळाचं आणि सूर्याचं फारसं पटत नाही. स्पेनने 1940 पासून मध्य युरोपची वेळ धरलेली, म्हणजे घड्याळ बर्लिनचं. आणि हे गाव पडलं देशाच्या नैऋत्य टोकाला, ग्रिनिचच्याही सहा अंश पश्चिमेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी आठला बाहेर नुसतं झुंजूमुंजू असतं आणि सूर्य डोक्यावर येतो तो थेट सव्वादोनला. स्पॅनिश लोक अडीच-तीनला जेवतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो, पण इथे ती खरीखुरी भर दुपार असते.

नवऱ्याचं खाडीपलीकडे पुएर्तो रेआलला, विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान विभागात काही आठवड्यांचं काम निघालं होतं. तो सकाळी बसने पूल ओलांडून जायचा आणि मी जुन्या गावातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसायची. टीम पुण्यात, साडेतीन तास पुढे. मी नऊला लॉगिन करेपर्यंत तिकडे डबे उघडायची वेळ झालेली असे, आणि इकडे तीन वाजले की एकेक जण ‘चला, निघतो’ म्हणत गायब. कॉलच्या मधे ज्या फटी सापडत, त्यांत मी कादिझ पाहिलं.

त्यासाठी याहून सोयीचं गाव मिळणं कठीण. जुनं कादिझ तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेलं आहे. बंदराच्या बाजूने गल्लीत शिरलं की पंधरा-वीस मिनिटांत अटलांटिकच्या कठड्याशी पोचतो. हरवायची सोयच नाही. फार तर चुकीच्या समुद्रावर निघाल.

साडेदहाला आख्खं गाव नाश्त्याला बाहेर पडतं. ऑफिसातली माणसंसुद्धा टेबल सोडून रीतसर खाली येतात, याचं मला फार कौतुक वाटलं. अर्धा पाव भाजून त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाची धार, सोबत दुधाची कॉफी. हे मी ‘प्लासा दे लास फ्लोरेस’मध्ये, फुलांच्या टपऱ्यांशेजारी उभ्याउभ्याच उरकायची, कारण उरलेला वेळ मला मासळीबाजाराला द्यायचा असे. मधल्या चौकातला हा बाजार 1838 चा. सोमवारी तिथे अर्धीअधिक मासळीची दुकानं बंद दिसतात, कारण रविवारी होड्या जात नाहीत. मंगळवारी मात्र ट्यूनाच्या गडद लाल तुकड्यांपासून नखाएवढ्या जिवंत कोळंबीपर्यंत सगळं हजर. ती कोळंबी इतकी पारदर्शक की ढिगात नुसते काळे डोळे हलताना दिसतात. मधूनच एखादी टुणकन उडते आणि मासेविक्या न बघताच तिला परत ढिगात टाकतो.

तिचंच पुढे ‘तोर्तियिता दे कामारोनेस’ होतं. हरभऱ्याचं पीठ, थोडा मैदा, कांदा, पार्सली, सालासकट कोळंबी, आणि हे सगळं पातळसर भिजवून गरम तेलात पसरायचं. कडेला जाळी पडते. पहिला घास घेतला आणि सरळ जवळ्याची भजी आठवली, फक्त मिरचीवाचून. पुढच्या कॉलला कॅमेरा बंद ठेवला. बोटं तेलकट होती.

कुठे फिरायचं हे मात्र वारा ठरवतो. पूर्वेकडून येतो तो लेवान्ते: कोरडा, गरम, लागला की काही दिवस हटत नाही. डोकेदुखीपासून भांडणापर्यंत सगळ्याचं खापर इथले लोक त्याच्यावर फोडतात. पश्चिमेचा पोनिएन्ते गार आणि दमट. लेवान्ते असेल तर ला कालेताकडे जावं. ही पुळण पश्चिमेकडे तोंड करून दोन किल्ल्यांच्या मधे बसलेली, त्यामुळे तिथलं पाणी त्या दिवशी तळ्यासारखं स्वस्थ. पोनिएन्ते असेल तर बंदराकडच्या बाजूला, किंवा कुठल्याही अरुंद गल्लीत.

या गल्ल्यांत मी म्यूट करून बरेच कॉल ऐकले. ऐकता ऐकता भिंतींना हात लावायची सवय लागली. इथला जुना दगड म्हणजे शिंपले आणि गोटे एकमेकांत घट्ट बसून झालेला खडक. बोट फिरवलं की शिंपल्याची धार लागते, वळ्या मोजता येतात. बऱ्याच कोपऱ्यांवर जुन्या तोफा जमिनीत उभ्या गाडल्या आहेत, वळताना घोडागाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून. भल्यामोठ्या कॅथेड्रलचं बांधकाम 1722 ते 1838 चाललं. अमेरिकेतल्या वसाहतींशी चालणाऱ्या व्यापारातला पैसा आटला आणि काम रेंगाळलं. आता खारी हवा त्याचा दगड खाते, म्हणून आत छताखाली जाळी बांधलीय.

एका लांबलेल्या जेवणाच्या सुट्टीत तावीरा मनोऱ्यावर गेले. 1717 मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचा कारभार सेव्हियाहून इथे आला, आणि त्या भरभराटीच्या काळात व्यापारी घरावर मनोरे चढवत, आपलं जहाज दिसतंय का ते बघायला. शंभरावर अजून उभे आहेत. तावीरावरच्या अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगातून गावाचं चित्र एका पांढऱ्या पसरट ताटात पडतं. हलतं चित्र! कुणाच्या तरी गच्चीवर चादर फडफडत होती, एक सीगल ताटाच्या या कडेकडून त्या कडेला गेला.

सेव्हियाहून दिवसभरासाठी येणारे आणि क्रूझवरून उतरणारे हे सगळं चार तासांत उरकतात. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, कारण आमचा फ्लॅट पर्यटकांसाठीच राखलेला होता आणि जिन्यात आणखी दोन दारांवर तसलेच किल्लीचे डबे होते. 1980 च्या दशकात दीड लाखावर असलेली वस्ती आता सव्वा लाखाच्याही खाली आली आहे. वाढायला जागा नाही, गोदीतली कामं घटली, आणि तरुण माणसं घर परवडेल तिकडे जातात. जिन्यात भेटणाऱ्या शेजीबाई ‘ओला’ म्हणायच्या, पण त्याआधी आमच्या बॅगांकडे एकदा बघून.

दुपारी दोन ते पाच दुकानांची शटरं खाली. पुणंही शांत. माझं खरं काम तेव्हाच व्हायचं.

साडेसहाला लॅपटॉप मिटला तरी सूर्यास्ताला दीड तास असायचा. ला कालेतावर तेव्हा आज्ज्यांचा बिंगो रंगात आलेला असे. घरून आणलेल्या खुर्च्या, घडीचं टेबल, डब्यात काहीतरी तळलेलं, आणि आकडे पुकारणाऱ्या बाईंचा आवाज लाटांच्या वर. मी जवळच वाळूत बसायची. स्पॅनिश आकडे मला तिथेच पाठ झाले, नव्वदपर्यंत. त्यांचा बिंगो नव्वदला संपतो, त्यामुळे पुढचे अजून येत नाहीत.