पांढरे करंट: काळ्या करंटसारखी छाटणी केली की घोस गेलेच

आधी नावाचा घोळ मिटवू. केकमध्ये घालतात ते सुके ‘करंट’ म्हणजे बारीक काळ्या द्राक्षांचे मनुके. इथला करंट म्हणजे थंड प्रदेशातलं छातीभर उंचीचं झुडूप आणि त्याला लोंबणारे वाटाण्याएवढ्या फळांचे घोस. पांढरा करंट ही वेगळी प्रजाती नाही. लाल करंटचंच हे रंगद्रव्य नसलेलं रूप. फळ उजेडात धरलं की आतल्या बिया दिसतात, आणि आंबटपणाही लालपेक्षा कमी.

झोपलेलं झुडूप कडक थंडी आरामात काढतं. उलट हिवाळा पुरेसा थंड नसेल तर डोळे नीट फुटत नाहीत. धोका आहे तो वसंतात. फुलं लवकर येतात आणि पारा उणे २ अंशांच्या आसपास गेला की जळतात. म्हणून रात्री गार हवा साचते अशा खोलगट जागी लागवड नको. थोडी सावली चालते. भर उन्हात पिकलेली फळं करपून तपकिरी पडतात.

दोन झुडपांत सव्वा ते दीड मीटर अंतर. स्वपरागित असल्याने एकटं झुडूपही फळतं. मुळं बहुतेक वरच्या थरातच असतात, तेव्हा बुडाशी खोल खुरपणी करू नये; ५ ते ८ सेंमी आच्छादन घालावं. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर बहुधा पालाश (पोटॅशियम) कमी पडतंय. इथे म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) टाकायचं नाही, क्लोराइड या झाडाला सोसत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं. नत्राचा मारा केला तर कोवळी फूट फार येते आणि मावा (रस शोषणारे बारीक किडे), भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दोघांचीही सोय होते.

छाटणीत मात्र सर्वाधिक गफलत होते. काळा करंट मुख्यतः गेल्या वर्षीच्या फुटीवर फळतो, म्हणून त्याच्या जुन्या फांद्या बुडापासून काढतात. पांढऱ्याचं फळ दोन-तीन वर्षांच्या लाकडावरच्या आखूड गाठाळ फुटव्यांवर येतं. काळ्याचा नियम इथे लावला तर फळाचं लाकूडच सरपणात जातं. हिशेब सोपा: एक, दोन आणि तीन वर्षांच्या प्रत्येकी तीन-चार फांद्या ठेवायच्या. दर हिवाळ्यात चौथ्या वर्षात गेलेल्या फांद्या जमिनीलगत काढायच्या आणि नव्या फुटव्यांतले जोमदार तीन-चार राखायचे. वय ओळखायला साल पाहावी: नवी फिकट आणि गुळगुळीत, जुनी काळपट, सोललेली. आतल्या बाजूला वळलेली फांदी तरुण असली तरी काढावी.

पानांवर लालसर फोड दिसले तर पान उलटून पाहा, खाली मावा असतो. दिसायला भयंकर, पण पिकाचं नुकसान बेताचंच. खरा शत्रू काळे ठिपके असलेली हिरवी अळी. ती झुडपाच्या पोटातून, बुडाकडून खायला सुरुवात करते. बाहेरून कळेपर्यंत नुसत्या शिरा उरतात. वसंतात आतली पानं तपासून अळ्या हाताने वेचाव्यात.

फळ सुटं तोडू नये, साल फाटते. अख्खा घोस देठासकट कापावा आणि मग काट्याच्या दातांतून ओढून फळं सोडवावीत. जेलीसाठी थोडी कमी पिकलेलीही घ्यावीत, त्यांत जेली घट्ट करणारं पेक्टिन जास्त असतं. फळं थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून रात्रभर मलमलच्या कापडात टांगावीत. पुरचुंडी पिळली की जेली गढूळ झालीच! एक लिटर रसाला ८०० ग्रॅम ते एक किलो साखर, आणि १०५ अंशांना आच बंद. फार वेळ उकळलं तर फिकट सोनेरी रंग जाऊन जेली गुलाबट होते, म्हणून घाणे लहान ठेवावेत.

फ्रान्समधल्या बार-ल-द्यूक गावी गूज पक्ष्याच्या पिसाच्या टोकाने एकेका फळातल्या बिया काढून मुरंबा करतात. घरी चाळणी पुरे.