आमची वाटचाल : बकेटचा तडा

२००४ साली गोव्यात डिचोलीला वेल्डिंगची शेड घातली तेव्हा खाणी जोरात होत्या. टिपरच्या बॉडीला ठिगळ मारायचं, हाच आमचा धंदा. साधी एमएस म्हणजे मऊ पोलादाची प्लेट, साधा वेल्डिंग रॉड, संध्याकाळी रोख पैसे.

मग एका जुलैत एक्स्कॅव्हेटरची, म्हणजे खोदाई यंत्राची, बकेट आली. हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाची प्लेट, २५ मिलिमीटर जाड. आम्ही सवयीने ७०१८ नंबरचा रॉड लावला. वेल्ड असं देखणं उतरलं की गिऱ्हाइकाने पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी बकेट परत! वेल्डच्या कडेने केसाएवढा तडा. मला वाटलं, रॉड कमी पडला. जुनं वेल्ड गाउज करून, म्हणजे कोरून काढलं, ११०१८ या जास्त ताकदीच्या रॉडचे डबे आणून परत भरलं. आता तडे वेल्डमध्येच, आडवे. आमचे जुने वेल्डर मामा एवढंच म्हणाले, "महाग रॉडने महाग तडा दिला, बाब."

चूक रॉडची नव्हतीच. ११०१८ ला ताकद कार्बनने येत नाही; कार्बन ०.१० टक्क्याच्या आतच ठेवतात, नाहीतर वेल्ड काचेसारखं ठिसूळ व्हायचं. ताकद येते ती दीडेक टक्का मँगनीज, दोनेक टक्के निकेल आणि अर्ध्या टक्क्याच्या आतल्या मॉलिब्डेनममुळे. साधं वेल्ड थंड होताना धातूच्या कणांच्या सीमांवर फेराइट या मऊ लोखंडाचा जाड थर साचतो आणि तड्याला सरळ वाट मिळते. हे धातू मिसळले की थंड होतानाचा हा बदल कमी तापमानाला होतो. मग सुयांसारखे बारीक कण एकमेकांत गुंतून बसतात, चुडतांचं झाप विणल्यासारखे. तड्याला पावलोपावली वळावं लागतं. निकेलमुळे वेल्ड चिवटही राहतं. काही वेल्डिंग वायरमध्ये टायटॅनियम असतं. त्याच्या ऑक्साइडच्या ठिपक्यांवर या सुया रुजतात.

पण वेल्ड जितकं ताकदवान, तितकं हायड्रोजनला नाजूक. आमचे डबे पावसाळ्यात उघडे पडलेले. रॉडच्या कोटिंगने ओल पिऊन ठेवली होती. त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरला आणि ताण असेल तिथे हळूहळू जमत गेला. म्हणून तडा त्याच दिवशी दिसला नाही.

कर्ज काढून बेकिंग ओव्हन घेतला. रॉड ३५० ते ४०० अंशांवर तासभर भाजायचे, मग गरम डब्यातून एकेक काढायचा. वेल्डआधी प्लेटही १२० अंशांपर्यंत तापवायची, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या टेम्परेचर चॉकने रेघ ओढून बघायची. त्याहून फार तापवलीत तर प्लेटचीच ताकद जाते, हे पोरांना अजून ओरडून सांगावं लागतं.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. आठातले पाच वेल्डर गेले. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. गोदीतली कामं मिळाली ती या ओव्हनमुळे. तिथला इन्स्पेक्टर आधी रॉड कुठे ठेवता ते बघायचा, दर नंतर विचारायचा.

आता हाय टेन्साइलचं काम झालं की ४८ तास थांबून, तडा दाखवणारा रंग (डाय) लावून तपासतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीच गाडी घेऊन दारात उभं, "कालच झालं ना वेल्ड?" चहा मिळतो, बकेट परवा.