भिंतीला देवी आल्या

"मॅडम, भिंतीला देवी आल्यात. एकदा येऊन बघा."

सकाळी साडेसातला मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. अकारण फोन करणारा माणूस नव्हे. बार्शी तालुक्यातल्या त्यांच्या गावी मी त्यांचं घर बांधून देत होते. मे महिन्यात आतून-बाहेरून गिलावा उरकला होता, रंगाचं काम पाऊस संपल्यावर करायचं ठरलं होतं. जुलैचा दुसरा आठवडा होता. चांगला पाऊस होऊन गेला होता.

मी पोचले तेव्हा काकू ओसरीत केरसुणी घेऊन उभ्या होत्या. "रोज सकाळी झाडते, रोज संध्याकाळी परत खपल्या पडलेल्या," एवढंच म्हणाल्या आणि मला माजघराकडे घेऊन गेल्या.

मास्तरांनी वापरलेला शब्द अगदी बरोबर होता. देवीच्या रोगाचे वण राहावेत तसे भिंतभर रुपयाएवढे, काही ठिकाणी वाटीच्या बुडाएवढे खळगे पडलेले. एका खळग्याशी मी डोळे नेले. कडा बाहेर रुंद, आत निमुळता होत गेलेला, नरसाळ्यासारखा. आणि अगदी तळाशी, लाल विटेच्या अंगात, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. खाली पडलेली गिलाव्याची खपली उचलून उलटी केली. तिच्या टोकालाही तसाच पांढरा डाग. बोटाने चोळला तर पिठासारखा पसरला.

माझ्या पोटात गोळा आला. ओल असती तर डाग पडले असते, गिलाव्यात सिमेंट कमी असतं तर वाळू झडली असती, लोणा, म्हणजे विटेतला क्षार, असता तर भिंतीवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसली असती. हे त्यातलं काहीच नव्हतं. हा विटेच्या आतला चुना होता, आणि त्या विटा मी पास केल्या होत्या.

एका दहा बाय दहाच्या भिंतीवर मी खडूने गोल करत मोजलं. त्रेसष्ट.

विटा पास केल्या म्हणजे काय केलं होतं, तेही सांगते. फेब्रुवारीत पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहिल्या. खणखणीत आवाज. नखाने ओरखडा उठत नव्हता. एका विटेवर दुसरी आडवी धरून इंग्रजी टी करून कमरेच्या उंचीवरून सोडली, फुटली नाही. पाच विटा सुकवून घेतल्या, वजन केलं, चोवीस तास पाण्यात बुडवून परत वजन केलं. ३.१ किलोची वीट ३.६ किलो झाली, म्हणजे साधारण १६ टक्के पाणी प्यायली. नेहमीच्या विटेला २० टक्क्यांपर्यंत चालतं. सगळं नियमात होतं. चूक वेगळीच होती. त्या पाच विटा ट्रॅक्टरवाल्याने वरच्यावर काढून दिल्या होत्या आणि मी त्या घेतल्या. ढिगाच्या मधल्या, बुडाच्या विटा मी स्वतः उपसून काढायला हव्या होत्या. वीस हजार विटांची परीक्षा पाच विटांवर, आणि त्या पाचही दुसऱ्याच्या हातच्या.

खात्री करायची होती. परसात पत्र्याखाली वरच्या खोलीसाठी ठेवलेल्या चारेक हजार विटा होत्या. काकूंकडून चिमूटभर हळद मागितली. त्यांना वाटलं कुणाला लागलं की काय. मी ढिगाच्या पोटातली एक वीट ओढून हातोडीने फोडली. फुटलेल्या अंगावर दोन-तीन पांढरे खडे दिसत होते. त्यावर पाण्याचे थेंब सोडले, थोडं थांबून ओली हळद लावली. बघता बघता हळदीचं कुंकू झालं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हा तर चुना!" घरोघरी कुंकू असंच तर व्हायचं, हळदीला चुन्याची निवळी लावून. (भिंतीवर हा प्रयोग करून उपयोग नव्हता. गिलाव्यातल्या सिमेंटनेही हळद लाल होते. म्हणून न वापरलेली वीट.)

मग ढिगातल्या वेगवेगळ्या थरांतल्या आठ विटा बादल्यांत बुडवल्या. बुडबुडे येऊन थांबले. अर्ध्या-पाऊण तासाने मास्तरांनी हात वर करून मला गप्प केलं. बादलीतून बारीक 'चट' असा आवाज आला. विटेचा कोपरा सुटून पाण्यात पडला होता.

आमच्या भागातली जमीन काळी. काळ्या मातीत, थोडं खोल गेलं की चुनखडीचे खडे लागतात. शेतकऱ्याला ते माहीत असतं, विहीर खणताना पांढरा पट्टा दिसतो. असा खडा मातीबरोबर विटेत गेला आणि भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजला गेला की त्याची कळीचुन्याची गोळी होते. विटेला बाहेरून काही कळत नाही. वीट वाजते, रंग लाल येतो. नंतर कधीतरी त्या गोळीपर्यंत पाणी पोचतं. कळी विरते, फुगते, जवळजवळ दुप्पट होते. विटेच्या अंगात मावत नाही म्हणून ज्या बाजूला जोर कमी त्या बाजूला फोडून निघते. आमच्या भिंतीत ती बाजू म्हणजे गिलावा. जास्त भाजलेली कळी पाणी फार सावकाश घेते. म्हणून बांधकामाच्या वेळी विटा भिजवल्या, भिंतींवर आठवडाभर पाणी मारलं, तरी काही गोळ्या तशाच राहिल्या आणि पावसाच्या ओलीने महिन्यांनी फुटल्या.

दुपारी मास्तर आणि मी भट्टीवर गेलो. जुलैत भट्टी म्हणजे ओसाड माळ. आमच्याकडे विटा थापायच्या त्या दिवाळीनंतर ते मिरगाच्या आत. माणसं गावी गेलेली, थापणीची जागा चिखल झालेली, एका कडेला खंगर, म्हणजे जास्त भाजून बिघडलेल्या, विटांचा निळा-काळा डोंगर. भट्टीवाले अण्णा छत्री घेऊन आले. मी भांडायच्या तयारीने गेले होते, ते खरं. त्यांच्या हातात फुटलेली वीट दिली. त्यांनी ती दोनदा उलटीपालटी करून पाहिली आणि एक शब्दही उलट न बोलता आम्हाला शेताच्या कडेला नेलं.

तिथे खड्डा होता, पुरुषभर खोल. वर दोन-अडीच हात काळी माती, खाली करडी, आणि त्याखाली पांढऱ्या खड्यांचा थर, साबुदाणा सांडल्यासारखा.

"दरसाली तळ्यातला गाळ आणतो आम्ही, ताई," अण्णा म्हणाले. "त्यात राख मिसळायची, भुस्सा मिसळायचा, वीट कशी लोण्यासारखी निघते. पर गेल्या साली पाऊस झाला बक्कळ. तळं उन्हाळ्यापत्तुर भरल्यालं. गाळच निघंना. मग हितली माती काढली. वरची संपली तसं पोरं खाली खणत गेली. मी कोर्टाच्या तारखेला सोलापुरात. आल्यावर माझ्याबी ध्यानात आलं न्हाय."

चांगला पाऊस झाला म्हणून विटा बिघडल्या. हा हिशेब मला तोवर कधी सुचला नव्हता.

यावर उपाय नसतो असं नाही. खडे चाळून काढले किंवा माती अगदी बारीक दळली तर चुना विटेत पसरून जातो, एका जागी जोर करत नाही. भट्टीतून काढल्याबरोबर विटा पाण्यात चांगल्या बुडवल्या तर पुष्कळशा गोळ्या भिंतीत जाण्याआधीच विरतात. अण्णांना हे दोन्ही ठाऊक होतं. त्यांना फक्त आपल्या मातीत खडे आहेत हे ठाऊक नव्हतं. उरलेल्या चार हजार विटा परत घेतो आणि पैसे देतो, असं ते स्वतःहून म्हणाले.

संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीत बैठक बसली. पुण्याहून मुलगा फोनवर. त्याचं म्हणणं एकच: हे लाल विटांचं प्रकरणच नको, आता सगळीकडे एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके सच्छिद्र ठोकळे, वापरतात, वरची खोली त्याचीच करा आणि खालचंही पाडून नवं करा.

पाडायची गरज नव्हती, हे मी आधी सांगितलं. घर कॉलम-बीमवर उभं आहे, भिंती आडोशाच्या. वीट आतून कुजलेली नाही, तिच्यात ठिकठिकाणी गोळ्या आहेत. जेवढ्या फुटायच्या तेवढ्या फुटू द्यायच्या. उलट भिंतींवर रोज पाणी मारायचं, म्हणजे त्या लवकर फुटतील. दिवाळी झाल्यावर खळगे साफ करून भरायचे. न्हाणीघराची भिंत मात्र पाडायची. तिथे खळगे इतके दाट होते की गिलावा सगळाच सुटला होता, आणि पुढे टाइल लावली की आतला चुना तीही उचलणार.

राहिला प्रश्न नव्या कामाचा. एएसीबद्दल माझं मत वाईट नाही, हे मी त्या मुलाला सांगितलं. दोन फूट लांब, आठ इंच उंच, सहा इंच जाड असा एक ठोकळा साधारण नऊ विटांची जागा घेतो. नऊ विटांचं वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, सुका ठोकळा अकरा-बारा किलो. काळ्या मातीवरच्या घराला वरच्या मजल्याचा भार कमी झाला तर हवाच आहे. सिमेंट, चुना आणि राखेच्या कालवणात ॲल्युमिनियमची पूड टाकली की वायू सुटतो, ते कणकेसारखं फुगतं, मग वाफेवर दाबाखाली शिजवतात. हलकेपणा त्या छिद्रांचा. आपल्याकडे हा विचार नवा नाही. बार्शीहून जवळच तेर गावातल्या जुन्या मंदिरांच्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा तूस मिसळून भाजला, तूस जळून गेला, पोकळी राहिली. मास्तर शाळेच्या पोरांना तिथे सहलीला न्यायचे, ते लगेच खुलले.

पण ठोकळ्याला त्याची पद्धत पाळावी लागते. विटेसारखा तो पाण्यात बुडवायचा नाही, वरून नुसतं शिंपडायचं. सांध्याला जाड माल भरायचा नाही, त्याचं वेगळं पातळ मिश्रण येतं. कॉलमला भिंत भिडते तिथे जाळी मारायची. यातलं काही चुकलं तर भिंतीला सरळ उभी भेग पडते. आमच्या थोरल्या मिस्त्रींचा हात लाल विटेवर तीस वर्षं बसलेला, ठोकळ्याचं काम त्यांनी एकदाच केलेलं. न्हाणीघराच्या एका भिंतीसाठी त्यांना नवं शिकायला लावणं मला पटेना. शिवाय त्या जागी सतत पाणी.

म्हणून राखेची वीट. सोलापूरजवळ औष्णिक वीजकेंद्र आहे, राखेला तोटा नाही. ही वीट भाजत नाहीत, दाबाने पाडतात आणि पाणी मारून पक्की करतात. भट्टी नाही, म्हणून चुनखडी भाजून कळी होण्याची भानगड नाही. कडा सुतासारख्या सरळ, त्यामुळे गिलावा कमी लागतो. तिचा दोष एकच मोठा: घाईत विकली जाते. पुरेसे दिवस पाणी मारलेली नसेल तर भिंतीत गेल्यावर आकसते. ती कोणत्या तारखेला पाडली हे विचारायचं आणि लेखी घ्यायचं. अंग गुळगुळीत असतं, म्हणून गिलाव्याआधी सांधे खोल कोरून ठेवायचे. एवढं मिस्त्री सहज सांभाळतील.

"आणि वरच्या खोलीचं?" मुलाने विचारलं.

ती एएसीची करू, पण पुढच्या वर्षी, त्या कामाची माणसं बार्शीहून आणून, असं ठरलं.

माझी आजी रत्नागिरीकडची. तिच्या घराला वीटच नाही, सगळा जांभा चिरा. खाणीतून कापताना मऊ, वाऱ्या-उन्हात राहून कठीण होणारा. आणि मास्तरांचा जुना वाडा माळवदाचा, वर पांढऱ्या मातीचा थर. ज्या गावात जे जमिनीत आहे त्याचं घर. तिथल्या माणसांना आपली माती बोटांनी ओळखता यायची. मी पदविका घेतली, विटा वाजवायला शिकले, वजन करायला शिकले, पण भट्टीवर जाऊन मातीचा खड्डा बघायला त्या दिवसापर्यंत गेले नव्हते. आता जाते. विटेची ऑर्डर देण्याआधी जाते.

निघताना मास्तरांनी मला थांबवलं. त्यांच्या खिशात पेन्सिल होती. माजघरातल्या प्रत्येक खळग्याशेजारी त्यांनी बारीक अक्षरात तारीख लिहायला सुरुवात केली होती. "कधी थांबतंय ते कळायला पाहिजे ना," ते म्हणाले.

त्या तारखा मी नोव्हेंबरात वाचल्या. भिंत म्हणजे हजेरीपट झाली होती. जुलैच्या तारखा दाट, ऑगस्टच्या जरा विरळ, सप्टेंबरात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. शेवटची १९ ऑक्टोबरची, दाराच्या चौकटीपाशी. त्यानंतर पाच आठवडे रोज पाणी मारूनही एकही नाही. मी थोरल्या मिस्त्रींना खळगे भरायला सांगितलं.

त्याच दिवशी न्हाणीघरासाठी राखेच्या विटांचा टेम्पो आला. हमाल उतरवायला लागले तेवढ्यात मास्तर धोतर खोचून चाकावर पाय देऊन वर चढले. वरच्या विटा बाजूला सारल्या, हात खाली खुपसून अगदी बुडातली एक ओढून काढली आणि माझ्याकडे देत म्हणाले, "ही घ्या. बादली भरून ठेवलीय."