चुक्याचा वाफा कोणाचा?

इंदूरच्या माणिकबागमधल्या आमच्या गल्लीत एक प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा पडलाय. मालक बाहेरगावी. "कचरा टाकू देऊ नका, बाकी काय हवं ते लावा," एवढीच त्यांची अट. एका अंगाला पलसीकर कॉलनी, दुसऱ्या अंगाला सैफी नगर, त्यामुळे वाफ्यांवर सिंधी, बोहरी, जैन आणि आम्ही मराठी असे सगळेच.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात चप्पल ओढून घेते. मुळं कुजतात. म्हणून पाडलेल्या घरांच्या विटा रचून वाफे उंच केले. रसाच्या चरखीवरची चिपाडं वाळवून पसरतो, म्हणजे ओल टिकते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेवढ्यावर भागवायचं असतं. टपरीवरची चहापत्ती मात्र धुऊन घ्यावी लागते, नाहीतर साखरेला मुंग्या.

लोकांना वाटतं, अशा बागेत भांडणं वाटणीवरून होत असतील. आमची वाटणी पंचांगानंच करून टाकली. आषाढी एकादशी झाली की सासूबाई चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला शिवत नाहीत. घरात वेगळा स्वयंपाक कोण करणार? आमची वांगी सरळ बोहऱ्यांकडे जातात. जैन काकू चातुर्मासात पालेभाजी घेत नाहीत, मुळा-गाजर तर कधीच नाही. त्या गिलकी आणि चवळीच्या शेंगांवर खूश. फुदिना कापाल तेवढा वाढतो, त्यावर कोणी हक्क सांगत नाही.

अडतं ते चुक्यापाशी. हा कोणालाच सोडवत नाही. समोरच्या सिंधी भाभींची साईभाजी पालक, चुका, शेपू आणि चणाडाळ घालून होते, आणि होते ती मोठ्या पातेल्यात. मला तो अळूच्या पातळ भाजीत हवा. आंबटपणाशिवाय अळू घशाला खाजतं, आणि चिंच घालून ती चव येत नाही (सासूबाईंचं मत वेगळं आहे, असू दे).

भाभी अख्खं रोप उपटतात. मी कात्रीनं कडेची पानं घेते, मधला कोंब ठेवते. पंधरवड्यात झुडूप पुन्हा भरतं. हे मी सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, पाँच पत्तों में मेरे घर का क्या होगा?" त्यांचंही खरं आहे, घरात माणसं आठ. पण उपटलेल्या जागी नवं बी पेरून भाजी हाताशी यायला महिना जातो, आणि मार्चच्या उन्हात चुका तुऱ्यावर गेला की पानं संपलीच.

यंदा चार झुडपं बियांसाठी राखली, लाल दोरा बांधून. दोऱ्याकडे अजून तरी सगळे मान देऊन बघतात. पावसाळ्यात दोन वाफे करायचं ठरलंय: एक उपटायचा, एक कापायचा. दुसऱ्यासाठी जागा कोपऱ्यातल्या गुलाबांचीच आहे. गुलाब निवृत्त बँक मॅनेजर काकांचे, आणि त्यांना विचारायला भाभींनी मला पुढे केलंय.