दाताच्या कण्या

बायको तीन महिने सांगत होती, अहो तुम्ही रात्री दात खाताय, आणि मी तीन महिने म्हणत होतो, मी कुठं खातोय. आधी तिला वाटलं माळ्यावर उंदीर काहीतरी कुरतडतोय, म्हणून पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा वाळून खडखडीत झाला, उंदीर काय सापडला नाही. आईचं निदान ठरलेलं, "जंत झालेत, लहानपणी पण खायचास." मग काय, पन्नाशीला टेकलेल्या माणसानं गुपचूप जंताची गोळी घेतली. आवाज चालूच.

सकाळी उठलो की जबडा असा जड, जसं काय रात्रभर कुणीतरी माझ्याकडून ऊस सोलून घेतलाय. कानशिलं ठणकायची, कानापाशी कट्ट वाजायचं, म्हणून आधी कानाच्या डॉक्टरकडे गेलो, तर कान एकदम स्वच्छ. शेवटी एक दिवस भडंग खाताना दाढेचा कोपराच तुटून हातात आला. मी दोष भडंगातल्या शेंगदाण्याला दिला. बायको म्हटली, दाताच्या कण्या करून सांगत होते, डॉक्टरला दाखवा. मी मनात म्हटलं, कण्या तर माझ्या झाल्यात.

सांगलीत विश्रामबागेतल्या दाताच्या डॉक्टरांनी हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं घासून सपाट, गालाच्या आत पांढरी रेघ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. इनॅमल म्हणजे शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, म्हटले, पण एकदा झिजलं की परत येत नाही. मग चौकशी सुरू, चहा किती, तंबाखू, दारू, घोरता का, डिप्रेशनच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, कारण यातल्या कशानंही दात खाणं वाढू शकतं म्हणे. जंतांचं सांगितल्यावर नुसतेच हसले.

माप घेऊन नाईट गार्ड करून दिला. तो घालून पहिल्या रात्री मी बोललो तर बायको इतकी हसली की नंतर दोघांनाही झोप लागेना. आणि गंमत म्हणजे हा गार्ड दात खाणं थांबवत नाहीच, तो फक्त मध्ये पडून दातांऐवजी स्वतः झिजतो. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला, झोपताना जबड्याला गरम शेक घेतो, ठणका बराच कमी झालाय.

पण मला खरा धक्का दिवसाचा बसला. डॉक्टर म्हटले होते, ओठ मिटलेले असू देत पण दात एकमेकांना लागता कामा नयेत, ते फक्त खाताना आणि गिळताना भेटतात, आणि जीभ 'न' म्हणताना टेकते तिथं ठेवा. मला आयुष्यभर वाटत होतं की तोंड मिटणं म्हणजे दात मिटणं! आठवण राहावी म्हणून बायकोच्या लाल टिकल्या चिकटवल्या, एक मोबाईलच्या मागं, एक गाडीच्या आरशाला, एक ऑफिसच्या कॉम्प्युटरला. टिकली दिसली की जबडा तपासायचा. पहिल्या दिवशी जेवढ्या वेळा टिकली दिसली जवळजवळ तेवढ्या वेळा दात आवळलेले. सिग्नलला, बँकेच्या रांगेत, अगदी लसूण सोलताना पण.

आणि सगळ्यात जास्त पावसाळ्यात. आमचं घर गावभागात, २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा इर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा खालची खोली पूर्ण बुडाली होती. तेव्हापासून कोयनेतून किती क्युसेक सोडलं याचा मेसेज आला की माझे दात आपोआप एकमेकांवर बसतात, मोबाईल उलटा करून टिकली बघायचं पण सुचत नाही. ४० फूट इशारा, ४५ धोका, माझा जबडा ३० पासूनच सुरू होतो.

गेल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं म्हणून संध्याकाळी पुलावर बघायला गेलो, निम्मी सांगली तिथंच. कठड्याला शेजारी एक आजोबा उभे होते, पाण्याकडं बघत, अजिबात न बोलता, कानाखालचा स्नायू नुसता उडत होता. माझ्या पाकिटात टिकल्यांचं पाकीट असतं आता. पण पुरुषानं पुरुषाला, ते पण पुलावर, टिकली कशी द्यायची? मी म्हटलं, "आजोबा, किती झालं पाणी?" ते म्हटले, "बत्तीस." आणि बोलायला तोंड उघडलं तेवढाच त्यांच्या दातांना सुटका मिळाली, म्हणून मग मी आणखी विचारत राहिलो, अलमट्टीचं काय, कोयनेचं काय, घर कुठं, नातवंडं किती.

अर्ध्या तासानं ते म्हटले, "लई बोलता राव तुम्ही."