तुम्ही विचारलेत म्हणून: आमची प्रशाला अशी कशी झाली

लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या रांगेत, आणि निवृत्त झाल्यापासून फोन करूनसुद्धा तुम्ही माजी विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारता: "बाई, आपली शाळा अशी कशी झाली? तुमच्या डोळ्यांदेखत?" प्रश्नाचा पहिला भाग मला सोसतो. दुसऱ्या भागाला मी आजवर ठरलेली उत्तरे देत आले: इंग्रजी शाळा निघाल्या, पदे भरली नाहीत, पालकांचा ओढा बदलला. यातले एकही उत्तर खोटे नाही, तरीही त्यांतून तुमचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मराठवाड्यातल्या या जिल्हा परिषद प्रशालेत मी १९७६ ते १९८२ या काळात शिकले आणि १९९८ ते २०२४ या काळात शिकवले. त्यातली शेवटची अकरा वर्षे मी प्रभारी मुख्याध्यापिका होते. नियमित मुख्याध्यापकाचे पद त्या सगळ्या काळात रिक्तच राहिले.

शाळा जुनी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ती केवळ वयाने जुनी नाही. निजामाच्या राज्यात शाळांच्या तीन पायऱ्या होत्या: तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया. म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च. आमची शाळा त्यांतली मधली, वस्तानिया. शिक्षण उर्दूत चाले, आणि घरी मराठी बोलणारी मुले गणितही उर्दूतून शिकत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्यानंतर शाळेची भाषा मराठी झाली, वरचे वर्ग जोडले गेले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर शाळा त्यांच्याकडे आली. चौदा वर्षांत एका दगडी इमारतीने चार धनी पाहिले. पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या नातेवाइकांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागते, कारण तिकडे हायस्कूल म्हटले की बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेचे. आमच्याकडे ते सरकारचे होते, म्हणजे सर्वांचे होते, आणि माझ्या लहानपणी तालुक्यातल्या मोठ्या वाड्यातले मूल आणि तांड्यावरचे मूल एकाच बाकावर बसे. हे मी आठवणीचा गहिवर म्हणून सांगत नाही. शाळेची खरी सुविधा हीच होती, आणि ती कोणत्याही रकान्यात लिहिली जात नसे.

तुम्ही ज्या सुविधांची आठवण काढता त्या खऱ्याच होत्या. प्रयोगशाळेत लांब लाकडी टेबले होती, स्पिरिटचे दिवे होते, आणि तिथला परिचर काचेची नळी वाकवून दाखवत असे. ग्रंथालयासाठी स्वतंत्र खोली होती. आडाला रहाट होता आणि पाळीपाळीने आम्ही बागेला पाणी घालत असू. मैदान तर अजूनही आहे. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या सगळ्याची वर्णने ऐकताना मला दरवेळी एक गोष्ट बोलावीशी वाटली आणि मी ती बोलले नाही. त्या सुवर्णकाळात शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती. आम्ही मुली थोड्या होतो. इमारतीच्या मागे ओढ्याच्या बाजूला पडकी भिंत होती, तिच्या आडोशाला दोघी-दोघींनी जायचे आणि तिसरीने राखण करायची. मेळाव्यात मैदानाविषयी भरभरून बोलणारे बहुतेक मुलगे होते. मलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते, कारण घरीही तशीच रीत होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचे गाव केंद्रापासून दूर होते आणि इमारत पडली नाही, परंतु मातीत बांधलेल्या दगडी भिंतींखाली माणसे कशी गाडली गेली हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले होते. भेगा पडलेल्या दगडी भिंतीखाली मूल बसवायला कोणीही आईबाप तयार होणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. जुनी बाजू धोकादायक ठरवून कुलूपबंद झाली. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय त्याच बाजूला होते. मी १९९८ मध्ये रुजू झाले तेव्हा पुस्तके तीन कपाटांत कोंबलेली होती आणि प्रयोगाचे साहित्य शिक्षकांच्या खोलीत खोक्यांत होते. तात्पुरती सोय, असे सगळे म्हणत. मी निवृत्त झाले तेव्हाही ती तात्पुरतीच होती.

यानंतर खोल्या बांधल्याच गेल्या नाहीत असे समजू नका. सर्व शिक्षा अभियानातून खोल्या आल्या, त्या आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी. नववी-दहावीसाठी पुढे वेगळे अभियान आले. शिक्षण हक्काचा कायदा २०१० मध्ये लागू झाला, तोही सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरता. आमची शाळा पाचवी ते दहावी अशी सलग, पण कागदावर ती आठवीच्या दारात दुभंगलेली होती. पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंत. मधल्या सुट्टीत आठवीपर्यंतची मुले ताटल्या घेऊन ओळीत बसत आणि नववीतली मुले, जी त्याच ओळीत गेल्या वर्षापर्यंत बसली होती, डबा नसला तर नळाकडे जात. शिजवणाऱ्या मावशी उरलेली खिचडी त्यांना वाढत. मी ते पाहत असे आणि पाहिले नाही असे दाखवत असे. ही एक गोष्ट मी बरोबर केली असे मला आजही वाटते.

बांधकामाला पैसा येतो, चालवायला येत नाही, हे माझे म्हणणे मी इतक्या वेळा मांडले आहे की ते आता मलाच पाठ म्हटल्यासारखे वाटते. खोली मिळते, पण तिचे वीजबिल कोणी भरायचे हे कोणी सांगत नाही. संगणक येतात आणि थकबाकीमुळे वीज तुटते. शिपाई निवृत्त होतो आणि त्याचे पद भरले जात नाही. पटसंख्या घसरली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे ठरवण्याच्या मंजुरीत, शिक्षकाचे पद जाते, विज्ञानाचा शिक्षक गेला की आणखी दहा पालक दाखला मागतात, आणि पुढच्या वर्षी आणखी एक पद जाते. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, रकमेत खडू आणि रजिस्टरे भागली तरी पुष्कळ. हे सारे खरे आहे. पण तुम्ही "डोळ्यांदेखत" म्हणता तेव्हा तुम्ही व्यवस्थेविषयी नव्हे, माझ्याविषयी विचारत असता, म्हणून आता मी माझ्याकडे वळते.

माझी मुलगी पाचवी ते सातवी याच शाळेत शिकली. २००६ मध्ये आठवीला मी तिला बसस्थानकाजवळच्या संस्थेच्या शाळेत घातले. तेव्हा तुमच्यापैकी काहींनी विचारले होते आणि मी सांगितले होते की तिकडे सेमी-इंग्रजी आहे. ते कारण नव्हते. तिची पाळी सुरू झाली होती आणि आमच्या शाळेत तिच्यासाठी दार लागेल अशी जागा नव्हती. त्या वेळी माझ्या वर्गात तिच्याच वयाच्या पस्तीस मुली होत्या. त्यांच्यासाठी मी अर्ज लिहीत होते, जावक क्रमांक टाकून प्रत जपून ठेवत होते, आणि माझ्या मुलीला मात्र मी अर्जाच्या उत्तराची वाट पाहायला लावले नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत सर्व शाळांत स्वच्छतागृहे उभारण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षी आमच्याकडेही मुलींसाठी दोन शौचकूप बांधले गेले. पांढऱ्या फरशा, लोखंडी दारे, वर पाण्याची टाकी. मी त्या दिवशी पेढे वाटले. टाकीला पाणी बोअरचे होते. २०१५ च्या उन्हाळ्यात बोअर आटले आणि पावसाळ्यातही पाणी आले नाही. तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल, पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तोच. शंभर-सव्वाशे मुलींनी बिनपाण्याचा संडास वापरला तर चार दिवसांत काय होईल हे उघड होते, म्हणून मी कुलूप लावले. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. आम्ही तिघी शिक्षिका ते वापरत होतो. आमच्यापुरते बादलीभर पाणी रोज आणले जाई.

हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षे लागली.

त्याच सप्टेंबरात यू-डायसचा तक्ता भरायचा होता. शाळेत काय आहे आणि काय नाही याची ती दरवर्षीची नोंद, ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरून केलेली. मुलींसाठी शौचकूप किती: दोन. त्यांपैकी वापरात किती: या रकान्यात मी दोन लिहिले. "नाही" लिहिले तर खुलासा मागवला जातो, बांधलेले वापरात का नाही म्हणून मुख्याध्यापकालाच विचारतात, असे बैठकीतल्या गप्पांत सगळेच म्हणत. पण मला कोणी तसे लिहायला सांगितले नव्हते, आणि आकडा माझा होता. दोन वापरात आहेत असे मी लिहिल्यावर आमच्या शाळेला पाण्याची सोय हवी आहे हे सरकारच्या कोणत्याही कागदावर उरले नाही.

नववीत तांड्यावरची एक मुलगी होती. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, धाकटे भाऊ त्यांच्याबरोबर, आणि ही एकटी शाळेसाठी म्हणून आजीपाशी राहिलेली. मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींची शाळेत ने-आण करणाऱ्या निळ्या बसने ती सकाळी येई आणि संध्याकाळी पाचनंतर परत जाई. फेब्रुवारीत एकदा परिपाठाला ती चक्कर येऊन पडली. मी तिला पाणी दिले, तिने नुसते ओठ ओले केले. मैत्रिणींनी सांगितले की ती सकाळपासून पाणी पीतच नाही, म्हणजे दिवसभर जावे लागत नाही. बऱ्याचजणी तसेच करतात, असेही त्यांनी सांगितले, आणि ते अशा स्वरात सांगितले की जणू मला माहीत असणारच. मला माहीत होते. पंधरा दिवसांनी भर वर्गात तिच्या गणवेशाला डाग लागला. मागच्या बाकावर कोणी तरी हसले. ती दप्तर तिथेच टाकून बाहेर पडली. बस पाचला होती, म्हणून ती डांबरी रस्त्याने उन्हात चालत तांड्यावर गेली. मला हे तासाभराने कळले.

तिसऱ्या दिवशी आजी दाखला मागायला आली. मी तिला खुर्ची दिली, समजावले, मोफत पुस्तके, प्रवास, शिष्यवृत्ती, सगळे सांगितले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, तुमच्या संडासाला कुलूप हाय. माझ्या तांड्यावर निदान रान तरी हाय." माझ्यापाशी उत्तर नव्हते. खणातली किल्ली काढून तिच्यापुढे ठेवावी असे मनात आले, आणि मी तसे केले नाही, कारण त्याच क्षणी ती कोणाच्या उपयोगाची होती हे तिला कळले असते. मी दाखला लिहिला. शाळा सोडण्याचे कारण: "पालकांच्या इच्छेनुसार". मुलगी आईवडिलांकडे कारखान्यावर गेली एवढे मला कळले, त्यापुढचे कळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढले. शिक्षकांनी वर्गणी काढली, टँकरचे दोन पिंप रोज भरू लागलो, आणि गावातल्या एका बाईला स्वच्छतेसाठी महिन्याचे पैसे देऊ लागलो. म्हणजे ते आधीही शक्य होते. ही गोष्ट मी माझ्या बचावात कुठेच बसवू शकत नाही. पुढल्या वर्षी चांगला पाऊस झाला, बोअरला पाणी आले, मग वीज तुटली, पुन्हा पिंपे आली. असेच चालले.

१९९८ मधली मी आज समोर आली तर मला म्हणेल की खोटा आकडा लिहिणारीने शाळेविषयी बोलूच नये. तिला मी विचारीन की तुझ्या चौदा अर्जांनी एक तरी नळ आला का? ती म्हणेल, निदान कागद खरा राहिला. मी म्हणेन, आणि तुझी मुलगी? इथे आमच्या दोघींचे भांडण थांबते, मिटत मात्र नाही. तुमच्यापैकी काहींनी अलीकडे शाळेला स्वागतकमान बांधून देण्याची इच्छा कळवली आहे. द्यायचेच असेल तर वीजबिल आणि सफाईचा पगार द्या, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तुम्ही तो दिला की सरकारने तो देण्याचे कारण उरणार नाही, ही शंकाही मला आहे, आणि त्यातून वाट मला सापडलेली नाही.

२०२३ च्या शेवटी, कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले तेव्हा, आपल्या शाळेची निजामकाळातली रजिस्टरे बाहेर काढावी लागली. ज्या घरांतले मूल वीस वर्षांत आमच्याकडे आले नव्हते, त्या घरांतली माणसे आजोबा-पणजोबांची नोंद पाहायला रोज येऊ लागली. उर्दू वाचता येणारा माणूस बोलावला होता. पिवळ्या पानावर त्याचे बोट एखाद्या नावाखाली थांबे आणि खोलीतली सगळी माणसे श्वास रोखून पाहत. त्या पानांवर कोणा अनोळखी मास्तराने जे लिहिले, तेच पाऊणशे वर्षांनंतर खरे धरले जात होते. मी तिथे बसून होते, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात २०१६ चे रजिस्टर होते. जनरल रजिस्टरातल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दाखल-खारीज नोंदवहीतल्या, नोंदीत बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिच्या नावापुढचे कारण बदलण्यासाठी मी ती परवानगी कधी मागितली नाही.